हूड लावून नव्वद मैल

गाडी परत आली तेव्हा तिचं हूड मागं सुटलेल्या पदरासारखं लोंबत होतं.

मृणालिनीबाई इंगवले स्वतः चालवत होत्या. शेजारी माझा नवरा प्रमोद, फाटकं कापड एका हातानं आवळून बसलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या दुकानासमोर गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत समोरच्या लेथवर कोणीतरी हसलं. मोठ्यानं नाही, आम्हाला ऐकू यावं इतपतच.

“साठपर्यंत ठीक होतं,” बाई उतरता उतरता म्हणाल्या. “मग फडफड सुरू झाली. सत्तरला फाटलं.”

सत्तर म्हणजे मैल. त्या गाडीचा काटा मैलातच बोलायचा.

माझे सासरे, गजानन खटावकर, दुकानाच्या पायरीवर उभे होते. मी त्यांना मामा म्हणते. मामा पुढं झाले, फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि कोणाकडंही न बघता म्हणाले, दोरा कमी पडला, तिहेरी शिवण घालू.

मी माझ्या लेकीला, रेवाला, कडेवर घेऊन त्यांच्या मागं होते. दोरा कमी पडलेला नाही हे मला कळत होतं. कापड शिवणीवर फाटलंच नव्हतं, शिवणीच्या शेजारी फाटलं होतं. आणि तासाभरापूर्वी, गाडी निघतानाच, मी एक गोष्ट बघितली होती आणि बोलले नव्हते.

याला आता अकरा वर्षं झाली. रेवा तेव्हा आठ महिन्यांची होती. दिवस भरायच्या आधीच झाली होती ती, जन्मताना पावणेदोन किलो. पहिले पाच आठवडे काचेच्या पेटीत. ती घरी आली आणि मी पहारेकरी झाले. झोपली की छातीवर बोट ठेवून श्वास मोजायचा. दर सोमवारी शेजारच्या पत्रेवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टॉवेल घालून वजन करायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ग्रॅममध्ये लिहायचं. कोणाच्या हातात द्यायची नाही, सासूबाईंच्या सुद्धा नाही. त्यांना, म्हणजे आत्यांना, याचं वाईट वाटत असणार. पण त्या एवढंच म्हणायच्या, “असू दे बाई. तुझा जीव थाऱ्यावर यायचा तवा यील.”

त्याआधी मी वेगळी होते. इचलकरंजीत टेक्सटाइलची पदवी घेतली होती, दोन वर्षं एका गिरणीच्या प्रयोगशाळेत कापड ताणून, भिजवून, फाडून बघायची नोकरी केली होती. आता दुकानाशी माझा संबंध दुपारच्या डब्यापुरता. डबा घेऊन जायचं, मामांचं जेवण होईतो रेवाला तिथल्या तुळईला बांधलेल्या झोळीत घालायचं, रिकामे डबे घेऊन परत यायचं.

दुकानाचं नाव ‘खटावकर कुशन अँड हूड वर्क्स’. काम मुख्य रिक्षांचं. कोल्हापुरातली रिक्षा हे काय प्रकरण असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. सीटला वेलबुट्टी, हुडाला झालर, आत आरसे, आणि वर्षातून एकदा स्पर्धा. मामांच्या हुडाखालच्या रिक्षा त्यात नेहमी वरच्या तिघांत. त्यांचे आजोबा तंबू आणि टांग्यांची छपरं शिवायचे.

मृणालिनीबाई आमच्याकडं आल्या त्या अशाच एका रिक्षातून. भर पावसात ताराबाई पार्कातून निघाल्या, मार्केट यार्डात उतरल्या, आणि साडीचा काठसुद्धा भिजला नाही. त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, हे हूड कोणी शिवलं. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात.

त्यांची गाडी म्हणजे ऑल्डरमूर. एकोणीसशे चौतीस सालची, दोन माणसांची, बॉनेट एवढं लांब की बसायला जागा उरली हेच नशीब. त्यांच्या वडिलांचा पंपांचा कारखाना होता; त्यांनी ती एका संस्थानाच्या लिलावात घेतली. रंग भरताच्या वांग्याचा, त्यामुळं उद्यमनगरभर तिचं नाव ‘वांगं’ पडलं. “वांगं आलं का रं?” म्हणून माणसं दुकानात डोकावायची. बाईंना ते कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी हरकतही घेतली नाही.

ती बनवणारी कंपनी इंग्लंडातल्या एका बंदराची. अजून आहे, अजून अशाच उघड्या, वेगवान, कोटींच्या घरातल्या गाड्या करते. बाईंनी मामांना तिचा इतिहास सांगितला तो मी झोळीला झोका देता देता ऐकला. ती काढली दोघा भावांनी. त्यांचा बाप जहाजांची शिडं शिवायचा. पोरं इंजिनाच्या नादी लागली, शर्यती जिंकली, राजेरजवाडे गिऱ्हाईक झाले. पण बापाचं काम ती विसरली नाहीत. त्या काळी अशा गाडीचं हूड म्हणजे नुसती छत्री, वेग आला की काढून ठेवायची. ऑल्डरमूरचे भाऊ म्हणायचे, आमच्या गाडीचं हूड हे शीड आहे. प्रत्येक गाडी हूड लावून ताशी नव्वद मैल पळवायची, परत आली की तिच्यावर पाण्याचा मोठा फवारा सोडायचा, आणि आत एक थेंब जरी सापडला तरी ती फाटकाबाहेर सोडायची नाही, असा त्यांचा रिवाज होता. जुनी गाडी दुरुस्त करून कंपनीचा शिक्का हवा असेल तर आजही तीच परीक्षा. कंपनीचा माणूस स्वतः येतो.

तो शुक्रवारी येणार होता. हूड फाटलं त्या दिवशी रविवार होता. हुडाचं कापड, दोन पदरांत रबराचा थर असलेलं, कंपनीकडून आलं होतं ते दोनच हुडांपुरतं. त्यातलं एक आता फाटलं. दुसरंही गेलं तर गाडी कंटेनरमध्ये घालून इंग्लंडला पाठवायची, हे बाईंनी सरळ सांगितलं. त्या कडवट बोलल्या नाहीत. सगळ्यांनी त्यांना आधीच तो सल्ला दिला होता, एवढंच म्हणाल्या.

त्या गेल्यावर मामा पायरीवर बसले. मग म्हणाले, “गाडी गेली तर तिकडं नीट हुईल. पण मग ह्या गल्लीत मला रिक्षाचं हूड तरी कोण देणार?”

मी काय बघितलं होतं ते आता सांगते.

ती गाडी दुकानात आली तेव्हापासून मामांनी तिला देवासारखं ठेवलं होतं. बॉनेटला कुंकू लावलं. सीटांवर धुतलेली पांढरी चादर. तिच्याजवळ जायचं तर पाय धुऊन, अनवाणी. माप घ्यायचं तर बाहेरून वाकून, पोटाखाली उशी घेऊन, म्हणजे पत्र्याला पट्ट्याचं बकल लागू नये. पंधरा दिवसांत तिच्या आत कोणी बसलं नव्हतं. बाईंनी तशी अट घातली नव्हती. कोणाच्या मनातच आलं नव्हतं. आणि हूड लावल्यावर ते असं ताठ बसलं होतं की मामांनी बोटानं टिचकी मारली तर डफासारखं वाजलं. सगळे खूष.

मग बाई चालवायला बसल्या, प्रमोद शेजारी बसला, आणि दरवाज्याच्या वर हुडाला एक सुरकुती पडली. बारीक. रेवाच्या मनगटाला असते तेवढी. मी ती बघितली. तेवढ्यात रेवाला शिंक आली, मी तिचं नाक पुसलं, आणि गाडी निघून गेली.

सोमवारी मामांनी जाड दोरा मागवला. मी डबा घेऊन गेले तेव्हा ते राहिलेलं कापड बाकावर पसरून खडू हातात घेऊन उभे होते, पण रेघ मारत नव्हते. बाईंनी आम्हाला नमुन्यासाठी कंपनीच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक देऊन ठेवलं होतं. रेवा झोळीत झोपली. मी एका हातानं दोरी ओढत दुसऱ्या हातानं पानं उलटत बसले.

त्यात एक फोटो होता. कारखान्याचं अंगण, एक नवी कोरी ऑल्डरमूर, आणि आत दोन बायका. खाली लिहिलेलं: ‘संस्थापक बंधूंच्या पत्नी नव्या गाडीत फेरीचा आनंद घेताना, १९३३.’

मी सवयीप्रमाणं बघत राहिले. फेरीचा आनंद म्हणावा तर दोघींचे चेहरे रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे. टोप्या नाहीत, हातमोजे नाहीत. एकीच्या झग्याच्या कॉलरला टाचण्यांची रांग. दुसरीच्या बोटात अंगुस्तान, शिंप्याचं. डोक्यावरच्या हुडाची कड दुमडलेली नाही, कच्ची, चिमट्यांनी धरलेली. आणि जी बाई बारीक होती तिच्या मांडीवर, मी पुस्तक खिडकीपाशी नेलं, तिच्या मांडीवर कडीचं एक लोखंडी वजन. वाण्याकडं असतं तसं.

मालकाची बायको मांडीवर वजन घेऊन फेरीला का जाईल?

झोळी माझ्यासमोर होती. सकाळी मी ती रिकामी बांधली तेव्हा जमिनीपासून कमरेएवढी उंच होती. आत रेवाला घातलं की गुडघ्यापर्यंत येते, आणि गाठ बरोबर कुठं बसणार ते तेव्हाच कळतं. म्हणून मी गाठ नेहमी पोरगी आत घालूनच आवळते.

मी मामांना विचारलं, रिक्षाचं हूड ठोकताना तुम्ही काय करता?

“काय करतोय म्हणजे?”

“सुरुवातीला. खिळे मारायच्या आधी.”

ते वैतागले. तीन माणसं मागं बसवतो, म्हणाले, शेजारचा लेथवाला, चहावाला, जो मिळेल तो. भार पडला की रिक्षाची चौकट दबते, मग ताणून ठोकायचं. चाळीस वर्षांत भार घातल्याशिवाय एक खिळा मारला नाही. हे सांगता सांगता त्यांचा आवाज हळू होत गेला. पण पुढच्याच क्षणाला त्यांनी मान हलवली.

“ती रिक्षा हाय. ही गाडी न्हवं. हिच्यात बसायचं म्हंजे काय? पालखीत कोण बसतंय का कधी?”

मी फोटो दाखवला, म्हटलं, या मालकिणी नाहीत, हूड शिवणाऱ्या बायका आहेत, भार म्हणून आत बसवलेल्या. त्यांनी चष्मा लावून बघितला, इंग्रजी ओळीवर बोट ठेवून मला वाचायला लावली, आणि म्हणाले, त्यांनी लिहिलंय मालकिणी, तर मालकिणीच. छापलेलं खोटं असतंय का?

मला आजही नवल वाटतं की मी पुढं ते केलं. मी प्रमोदलासुद्धा कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते. मी फाटकं हूड उचललं, त्याची पुढची बाजू काचेच्या चौकटीला चिमट्यांनी घट्ट लावली. ती बाजू शाबूत होती. रेवाला झोळीतून काढलं, कारण तिला मागं ठेवणं मला शक्यच नव्हतं. पांढरी चादर गोळा करून बाकावर टाकली. दरवाजा उघडला आणि चपलांसकट गाडीत बसले.

“वृषाली,” मामा म्हणाले. फक्त नाव. त्यांनी मला एकेरी नावानं कधी हाक मारली नव्हती, नेहमी सूनबाई.

त्याच वेळी दारात मृणालिनीबाई आल्या. दोऱ्याचं काय झालं ते विचारायला आल्या असणार. त्यांनी बघितलं ते असं: त्यांच्या वडिलांच्या गाडीत खटावकरांची सून, मांडीवर पोर, पायात रबरी चपला. मामा काहीतरी बोलायला लागले, माफीचंच असणार. बाईंनी हातानं थांबवलं.

“काय करतेस?” त्यांनी मला विचारलं.

“वजन होऊन बसलेय,” मी म्हटलं. “तुम्ही पण बसा. चालवायच्या जागी.”

सत्तरीच्या त्या बाई पर्स बाकावर ठेवून आत बसल्या. गाडीची ती जुनी लाकडी चौकट हळूच कुरकुरली. दरवाज्याच्या वर, माझ्या कानाशी, हूड सैल पडलं. या वेळी सुरकुती नव्हती, चांगला झोळ पडला होता. याच झोळात वारा भरून कापड फाटलं होतं.

मामा पाय न धुता आले. त्यांनी झोळात बोटं घातली, एक, मग दुसरं.

“दोन बोटं,” ते म्हणाले. “आयला. दोन बोटं.” मग बाईंसमोर काय बोललो ते लक्षात येऊन जीभ चावली.

मंगळवार, बुधवार, गुरुवार आम्ही दोघी त्या गाडीत बसून काढले. रेवा माझ्या मांडीवर. मामा भोवती फिरत होते, चिमटे लावत, काढत, खडूच्या खुणा करत. आता त्यांना गाडीचा धाक उरला नव्हता, “बाईसाहेब, जरा मागं रेला. असं न्हवं, गाडी चालवताना रेलता तसं,” असं ते सरळ सांगत होते. बाई पेपर वाचायच्या, शब्दकोडं मला विचारून सोडवायच्या. एकदा रेवाचा लंगोट गळला आणि सीटच्या कातड्यावर डाग पडला. माझा जीव अर्धा झाला. बाई म्हणाल्या, याच सीटवर माझ्या धाकट्या भावानं अठ्ठावन्न साली हेच केलंय, वडिलांनी तेव्हा काही म्हटलं नव्हतं.

गल्लीतली माणसं दिवसातून चारदा येऊन बघून जायची. लेथवाला म्हणाला, “गजाभाऊ, सवाऱ्या कुठं चालल्यात? बिंदू चौक का?” मामांनी तोंडातला दोरा न काढता सांगितलं, नव्वदला.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे एका साखर कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर जमलो. पूर्वी तिथं अध्यक्षांचं विमान उतरायचं म्हणे. दोन किलोमीटरच्या वर सरळ डांबर, दोन्ही बाजूला ऊस. कारखान्याचा आगीचा बंब फवाऱ्यासाठी उभा होता. कंपनीचे पेल साहेब उंच, साठीचे, फार सभ्य. वहीत सगळं बारीक अक्षरात लिहीत होते. त्यांनी रिकाम्या गाडीवर हूड चढवून बघायला सांगितलं.

ते बसेना. पुढची पट्टी काचेच्या चौकटीपर्यंत पोचेचना. पेल साहेबांनी खिशातली मोजपट्टी काढली, मोजलं, आणि अतिशय नम्रपणे म्हणाले की हूड दीड इंच तोकडं झालंय, मला वाईट वाटतं. प्रमोदनं ते मामांना मराठीत सांगितलं. हूड तोकडं का भरतंय हे मामांना ठाऊक होतं, पण गोऱ्या माणसानं पट्टीनं मोजून सांगितल्यावर स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवणं त्यांना जड गेलं.

बाई इंग्रजीत म्हणाल्या, “आधी माणसं, मग हूड.” आणि चालवायला बसल्या.

दुसरी जागा माझी. मी रेवाला घेऊन पुढं झाले तसं पेल साहेबांनी हात आडवा केला. नव्वद मैलांच्या परीक्षेत लहान मूल चालणार नाही. साहजिक होतं ते. मी सुद्धा दुसऱ्या कोणाला तेच सांगितलं असतं. मग प्रमोद बसेल, कोणीतरी म्हणालं. प्रमोद बहात्तर किलोचा, माझ्याहून कितीतरी जड. मामा म्हणाले, “कापड तिच्यावर बेतलंय. तीच बसणार.” आणि माझ्याकडं वळून, जरा खालच्या आवाजात, “नसंल जमत तर सांग. दुसरं काय तरी करू.”

दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं आणि ते आम्हा दोघांना माहीत होतं.

मी रेवाला आत्यांच्या हातात दिलं. तिचं टोपडं नीट केलं. तिला उन्हात धरू नका म्हटलं, मान धरा म्हटलं, ती आठ महिन्यांची आहे आणि मान कधीचीच धरते हे विसरून. आत्यांनी तिला असं अलगद घेतलं की मला माझीच लाज वाटली.

“मांडीवर सात किलो दोनशे ग्रॅम पाहिजेत,” मी म्हटलं. रेवाचं सोमवारचं वजन.

कारखान्याचा एक कारकून मोटारसायकलवर गेला आणि साखर घेऊन आला. पिशवीत बरोबर सात किलो दोनशे, काट्यावर तोललेली. पेल साहेबांनी वहीतून मान वर करून ती पिशवी बघितली आणि काहीतरी लिहिलं.

मी बसले. गाडी दबली. मामांनी पुढची पट्टी ओढली, आणि ती टक् करून आपल्या जागी बसली.

आत अंधारं होतं, रबराचा आणि जुन्या कातड्याचा वास. बाईंनी गिअर टाकला.

“भीती वाटतेय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मलाही. बोलू नकोस आता.”

रस्त्याकडं मी बघितलंच नाही. मी हुडाकडं बघत होते, उजव्या कोपऱ्यात शिवणीच्या शेजारी, जिथं मागच्या वेळी फाटलं होतं. चाळीसला इंजिनाचा आवाज पायातून वर आला. पन्नास. साठला माझी बोटं साखरेच्या पिशवीत रुतली. इथून फडफड सुरू होणार. ती सुरू झाली नाही. सत्तर. वारा कापडावर दाबून येत होता, आणि कापड त्याला धरून ठेवत होतं, एकसारखं, नुसता बारीक घुमल्यासारखा आवाज. मी हात वर करून आतून तळवा टेकवला. ताठ. ऐंशी. ऊस नुसती हिरवी रेघ झाला. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं असणं शक्य नव्हतं, कारण आत वारा नव्हताच.

“वाच,” त्या म्हणाल्या.

मी काटा बघितला. “नव्वद,” मी म्हटलं. “नव्वदच्या पुढं.”

धावपट्टीच्या टोकाला गाडी वळताना मला जाणवलं की एवढा वेळ मी रेवाचे श्वास मोजले नव्हते. ते मनातल्या मनात कायम चालूच असायचं, दूर असले तरी.

आम्ही परत आलो, पण उतरलो तर हूड पुन्हा तोकडं पडलं असतं, म्हणून काचा लावलेल्याच ठेवून आत बसून राहिलो. आमच्या पायांशी आणि मांडीवर टिपकागद पसरले होते. बंबाचा फवारा हुडावर आदळला तेव्हा पत्र्यावर दगड पडावेत तसा आवाज झाला. पाच मिनिटं. समोरच्या काचेतून काही दिसत नव्हतं. मी कागदाकडं बघत होते, एखादा काळा ठिपका उमटतोय का. साखरेच्या पिशवीवर एक थेंब पडला आणि मी झटकन वर हुडाकडं बघितलं. मग कळलं, तो माझ्या कपाळावरचा घाम होता. मी तो पटकन पदरानं पुसला.

पेल साहेबांनी दार उघडलं. प्रत्येक कागद उजेडात धरून बघितला, गालाला लावून बघितला. मग वहीत वेळ लिहिली, सही केली, आणि पहिल्यांदाच हसले. त्यांनी मामांचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, माणसं बसवून बेतायचं हे तुम्हाला कोणी सांगितलं, कंपनीत साठ वर्षांत हे कोणी केलेलं नाही, आमच्या कागदपत्रांत कुठंही नाही.

“कागदात हाय की,” मामा म्हणाले. “तुमच्यास्नी दिसलं न्हाई. माझ्या सुनेला दिसलं.” आणि मग, त्या साहेबाला मराठी कळत नाही याची फिकीर न करता, “टेक्सटाइल इंजिनिअर हाय ती.”

बाईंनी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर धरलं आणि त्या बारीक बाईच्या मांडीवरच्या वजनावर नख टेकवलं. पेल साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तीस वर्षं मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतोय की या मालकिणी आहेत, म्हणाले. त्यांच्या टाचण्या एकदाही मोजल्या नाहीत.

मग त्यांनी सांगितलं की हिंदुस्थानात आणखी तीन ऑल्डरमूर आहेत, एक बडोद्याला, दोन दक्षिणेत, आणि तिन्हींच्या मालकांना त्यांनी आजवर कंटेनरच सुचवला होता. आता पत्ता वेगळा देणार. प्रमोद भराभर मराठीत सांगत होता. मामा ऐकत होते, पण बघत होते माझ्याकडं.

मी आत्यांकडं गेले. रेवा त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. मी हात पुढं केले नाहीत. शेजारी उभी राहिले.

मामा मागून आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली, नव्या गिऱ्हाइकाशी बोलताना घेतात तशी.

“मग उद्या दुकानात किती वाजता येणार?” त्यांनी विचारलं.

“डबा घेऊन बाराला,” मी सवयीनं म्हटलं.

“डब्याचं न्हाई विचारत.”

तेवढ्यात आत्याच बोलल्या, रेवा जागी होऊ नये म्हणून अगदी हळू.

“साडेनऊला यील. तवर पोरीचं अंग चोळून, न्हाऊ घालून मी माझ्याकडं घेते.”

“नऊला,” मी म्हटलं.